किल्लीची नानकटाई

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या गल्लीतल्या आक्का भट्टीवर जायच्या. 'जायच्या' म्हणणं कमीच पडतं, स्वारी निघायची. पुढं मी, डोक्यावर पितळी परात, परातीत धुवट लुगड्याच्या फडक्याखाली झाकलेलं मळलेलं पीठ. मागं आक्का, हातात चारोळ्यांची पुरचुंडी आणि कमरेला किल्ली. चौबाऱ्याला वळसा घालून आम्ही बोळात शिरलो की भट्टीच्या दारातली बायकांची रांग आपोआप जरा अंग चोरायची. आक्कांचा नंबर कधीच पहिला नसे. पण आक्का आल्यावर पहिला नंबर कुणाचा, याची कुणालाच खात्री उरत नसे.

अशी आक्का फक्त बीदरातच असते असं नाही. भालकीत एक असते, बसवकल्याणात एक असते, हुमनाबादेत दोन असतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. ही बाई स्वतःला नानकटाईतली जाणकार समजत नाही. ती बाकीच्यांना अडाणी समजते. यात फरक आहे, आणि तो रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

"कुणाचं पीठ हे?" आक्का दुसरीच्या परातीतली चिमूट जिभेवर ठेवून विचारायच्या. "डालडा हाय यात."

"नाही हो आक्का, घरचं तूप आहे."

"मग म्हशीला डालडा खाऊ घातला असंल."

त्यांचं स्वतःचं पीठ मात्र आदल्या रात्रीपासून सुरू व्हायचं. थिजलेलं तूप परातीत घेऊन तळहातानं एकाच दिशेनं फेसायचं, ते पांढरंशुभ्र आणि लोण्याहून हलकं होईतोवर. झालं का ते आक्का स्वतः बघायच्या. झालं असलं तर पुढं साखर. नसलं तर आणखी अर्धा तास, आणि तेवढा वेळ फेसणाऱ्या सुनेच्या माहेरचा उद्धार. पिठीसाखर तुपाच्या बरोबरीनं, पीठ दुप्पट. मैद्याला बेसनाची साथ आणि मूठभर रव्याचा खुसखुशीतपणा. हे प्रमाण साऱ्या जगाला माहीत होतं, तरी आक्का ते सांगताना आधी दार लावून घ्यायच्या.

नानकटाईतला 'नान' फारसीतला, म्हणजे रोटी. सुरतेच्या पारशी भट्ट्यांतून ही वस्तू गावोगाव गेली असं सांगतात. आक्कांना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांच्या मते नानकटाई बीदरात उदगीरहून आली, कारण त्या उदगीरहून आल्या. आता उदगीर महाराष्ट्रात, बीदर कर्नाटकात. १ नोव्हेंबर १९५६ ला निजामी मुलखाची वाटणी झाली तेव्हा जुना बीदर जिल्हा तीन घरांत गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात. आक्का तेव्हा परकर-पोलक्यात होत्या. पुढं त्यांचं लग्न बीदरात झालं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, पोरगी परराज्यात दिली. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "माझं माहेर न् सासर एकाच जिल्ह्यातलं की. जिल्हा सरकला, मी न्हाई सरकले." एका संबंध राज्य पुनर्रचना आयोगाला इतक्या थोडक्यात कुणी निकालात काढलेलं मी ऐकलेलं नाही.

असो. भट्टीवर चाचा असायचे. भट्टी विटांची, पोटाला घुमट. पहाटे लाकडं पेटवून ती लाल करायची, निखारे ओढून काढायचे, लांब काठीला बांधलेल्या ओल्या गोणपाटानं तळ पुसायचा आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. पाव निघाले की दुपारी भट्टी उतरणीला लागते. ही उतरती ऊब नानकटाईची. चढत्या आचेवर ती वरून करपते आणि आत कच्ची राहते. हे शास्त्र चाचांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेलं होतं, आणि आक्का दर वर्षी त्यांना ते नव्यानं शिकवायच्या.

"चाचा, आच जास्ती हाय."

"आक्का, आटा तुम्हारा, आँच मेरी. बीच में नक्को आओ."

"तुमी करपवणार, बगा."

"हौ, पिछले तीस साल से जलाराऊँ. फिर बी तुम आतेच हैं."

त्यात अंड्याचा प्रश्न. ज्या पत्र्यांवर नानकटाई जाणार, त्यांवर आधी कधी केक भाजला होता का, याची आक्का चौकशी करायच्या. चाचा शपथेवर नाही म्हणायचे. तरी आक्का पत्रे राखेनं घासून घ्यायच्या, म्हणजे मला घासायला लावायच्या. गंमत अशी, की डिसेंबरात मंगलपेठेतल्या चर्चला जाणाऱ्या आमच्या शेजारच्या टीचरबाई याच भट्टीतून केक भाजून आणायच्या आणि त्याचा मोठा तुकडा आक्कांकडं यायचा. तो त्या खायच्या. "अंडं जड असतंय, खाली बसतंय," त्या सांगायच्या. "मी वरचाच भाग खाते."

आता खूण. एका वेळेला भट्टीत सात-आठ घरांचे पत्रे जायचे आणि चाचांच्या लांब दांड्याच्या फळीला घराणी ओळखू यायची नाहीत. म्हणून प्रत्येक घराची खूण. शहागंजच्या वैनी अंगठा दाबायच्या. गल्लीच्या टोकाच्या कन्नड वहिनी, ज्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो, काडीनं बेलाची तीन पानं काढायच्या. एक वकिलीणबाई काट्यानं रेघा ओढायच्या आणि त्यातून आपल्या घरी काटे-चमचे आहेत हे जगाला कळवायच्या. लोक याला सजावट म्हणत. ती खरं म्हणजे जमिनीची मोजणी होती.

आक्कांची खूण किल्ली. कमरेची लोखंडी किल्ली स्वच्छ धुऊन, पुसून, प्रत्येक गोळ्यावर आडवी दाबायची. वर्तुळ, दांडा आणि पुढचे दोन दात. दातांच्या मधोमध एक चारोळी. ही किल्ली कशाची, हे मी एकदाच विचारलं. "उदगीरच्या वाड्याची," आक्का म्हणाल्या. वाडा पडून वीस वर्षं झाली होती, कुलूप त्याच्याही आधी हरवलं होतं. पण चाचांच्या भट्टीत त्या किल्लीनं दर वर्षी दोनशेवर दारं उघडायची.

मग मोजदाद. आत किती गेल्या ते आक्का भिंतीवर कोळशानं लिहायच्या. बाहेर आल्या की पुन्हा मोजायच्या. दोनशे दहा गेल्या आणि दोनशे सात आल्या की आक्का आधी चाचांकडं बघायच्या, चाचा वर छताकडं बघायचे, मग आक्का माझ्याकडं बघायच्या. मी तोंड मिटून उभा. गरम नानकटाई तोंडात चावून चालत नाही, आवाज होतो. ती टाळूला चिकटवून विरघळू द्यावी लागते. माझ्या टाळूवर लहानपणी किती वेळा उदगीरच्या वाड्याची किल्ली उमटली असेल, हिशोब नाही.

घरी आलेली नानकटाई खाण्यासाठी असते असा माझा बरीच वर्षं गैरसमज होता. ती ताटांत घालण्यासाठी असते. एक ताट अव्वांकडं, एक चाचांच्या घरी, एक टीचरबाईंकडं, एक डबा एसटीनं उदगीरला. अव्वा पहिला घास घेऊन म्हणायच्या, "भाळ छलो आग्यावरी," आणि आक्कांना त्यातलं अक्षरन् अक्षर कळत असूनही त्या मला विचारायच्या, "काय म्हणाली?" कौतुक दोन भाषांत ऐकायचं असे. ताट रिकामं परतत नसे. येळ अमावस्येला अव्वांच्या शेतावरून भज्जी, आंबील आणि ज्वारीचे उंडे यायचे, ईदेला चाचांकडून शीरखुर्मा, नाताळात तो जड अंड्याचा केक. कुणाचं ताट किती भरून आलं, हे आक्का लिहून ठेवत नसत. लिहून ठेवणाऱ्याला निदान वही हरवायची तरी आशा असते.

आता आक्का ऐंशीच्या पुढं आहेत. गेल्या दिवाळीला बेंगळुरूची नातसून आली, सोबत खोक्यात विजेचा ओव्हन. मुलगी हुशार. तिनं ठरवलं, सासरच्या गावाचं नाव काढायचं. बिदरी कलेची बिस्किटं करायची. काळी चॉकलेटची बिस्किटं, त्यावर पिठीसाखर दुधात कालवून पांढरी नक्षी. बिदरीचं काम तसंच असतं: जस्तात थोडं तांबं घालून ओतलेलं भांडं, त्यात कोरलेल्या खाचा, खाचांत ठोकून बसवलेली चांदी, आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर घालून दिलेला उकाळा, ज्यानं भांडं काळं पडतं आणि चांदी तेवढी पांढरी राहते. ती माती चांगली की वाईट, हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. नातसुनेनं हे सांगितलं तेव्हा आक्का प्रथमच तिच्याकडं आदरानं बघत म्हणाल्या, "मग त्यांना भट्टीवर न्यायला पाहिजे होतं."

ओव्हनमध्ये एका वेळेला बारा बिस्किटं मावत होती. आक्कांनी खुर्चीवर बसून मनातल्या मनात गणित केलं. "दीडशे करायची, म्हणजे देवदिवाळी." दुसरा घाणा आत असताना वीज गेली. मग आक्का उठल्या, पदर खोचला, आणि माझ्याकडं बघितलं. मी आता पंचावन्न वर्षांचा आहे, गुडघे बोलतात. परात डोक्यावर घेतली.

भट्टीवर आता चाचांचा मुलगा असतो. त्यानं पत्रा बघितला आणि हात जोडले. "आक्का, ये तो पहिलेच काली है. पकी सो कैसा पता चलेगा?" प्रश्न रास्त होता. भट्टीवाला रंगावर चालतो, आणि या बिस्किटांनी भाजायच्या आधीच काळं तोंड करून ठेवलं होतं. आक्का भट्टीच्या दाराजवळ स्टुलावर बसल्या. डोळे मिटले. "वास मी घेते. तू फळी धर."

एवढ्यात नातसुनेच्या ध्यानात आलं, नक्षी तर गार झाल्यावर काढायची. रांगेत आणखी दोघी पोरी चॉकलेटचीच बिस्किटं घेऊन उभ्या होत्या. व्हिडिओ सगळ्यांनी तोच बघितलेला. काळ्यात काळी मिसळली तर कुणाची कुठली?

आक्कांनी डोळे न उघडता कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात दिली. "धुऊन घे आधी."

दीडशे बिस्किटांवर दीडशे किल्ल्या उमटल्या. संध्याकाळी घरी, गार झालेल्या काळ्या बिस्किटांसमोर नातसून साखरेची पुंगी घेऊन बसली. कमळं काढायची, वेली काढायच्या, असं तिनं कागदावर ठरवून आणलं होतं. पण बिस्किटात आधीच खाच होती. तिनं कागद बाजूला ठेवला आणि खाच भरायला घेतली: वर्तुळ, दांडा, दोन दात. काळ्यावर पांढरी किल्ली चकाकायला लागली तशा आक्का खुर्ची ओढत जवळ आल्या, चष्मा पुसला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग बोट पुढं करून मोजायला लागल्या.

"एकशे अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. मी तोंड मिटून उभा होतो.