राजमातेचा कौल

कौल लावायला बसलेल्याला उत्तराची घाई असते. ‘यी चिंग’ हा चिनी ग्रंथ त्याला आधी मोजायला बसवतो. यारो नावाच्या वनस्पतीच्या ५० काड्या घ्या, एक बाजूला ठेवा, ४९ चे दोन भाग करा, चार-चार मोजून काढा. असे तीनदा केले की एक रेषा मिळते. आकृती सहा रेषांची, म्हणजे हा खटाटोप १८ वेळा! निम्म्या शंका एवढ्यातच विरत असतील.

प्रत्येक रेषेला ६, ७, ८ किंवा ९ असा आकडा येतो. ७ आणि ८ या तरुण रेषा. त्या जागच्या हलत नाहीत. ६ आणि ९ या म्हाताऱ्या. त्या मात्र उलटतात. तुटक असेल ती सलग होते, सलग असेल ती तुटते. आपल्याकडे पोरे रोज बेत बदलतात आणि आजोबांच्या चहाची वेळ पाच मिनिटेही सरकत नाही. चिनी हिशेब वेगळा: जे पुरते पिकले, त्यालाच पालटावे लागते.

रेषा उलटल्या की एका आकृतीच्या दोन होतात. मग वाचायचे काय? बाराव्या शतकात झू शी या पंडिताने नियम घालून दिले. एक रेषा बदलली तर तिचेच वचन वाचा. दोन बदलल्या तर दोन्हींची, पण वरचीला मान. पाच बदलल्या तर दुसऱ्या आकृतीतली न बदललेली रेषा. नियम हवेच होते. मोकळीक मिळाली की बोट बरोबर गोड ओळीवर जाते.

या नियमांच्या कितीतरी आधी चीनमधल्या लू राज्याची राजमाता मू ज्यांग कारस्थानापायी पूर्वेकडच्या महालात जाऊन पडली, तेव्हा तिथे कौल लावला गेला. आधी ‘गन’, म्हणजे निश्चल पर्वत आला. पाच रेषा उलटून ‘स्वी’, म्हणजे अनुसरण झाले. दैवज्ञ म्हणाला, “बाईसाहेब, लवकरच बाहेर पडाल.” ती म्हणाली, नाही. हे शुभफल चार सद्गुण असणाऱ्याला. माझ्याकडे एकही नाही. मी इथेच मरणार. इ.स.पू. ५६४ मध्ये ती तिथेच वारली.

झू शींच्या नियमाने ‘स्वी’ची न बदललेली रेषा वाचायला हवी होती; दोघांनीही भलतीच ओळ वाचली. दैवज्ञाने ती वाचताना समोर कोण बसले आहे ते पाहिले नाही. राजमातेने ते पाहिले, म्हणून तिचे भाकीत खरे ठरले.