दवंडी ते ‘फक्त ॲडमिन’

पूर्वी गावात दवंडी पिटायचा तो कोतवाल. हलगी वाजली की बायका हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या, ‘उद्या नळाला पाणी येणार नाही होऽऽ’ एवढं ऐकून घ्यायच्या आणि वर त्यालाच सुनवायच्या, “परवा तरी कुठं आलं होतं?” बिचारा ते निमूट चावडीवर पोचवायचा.

आता ग्रामपंचायतीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. पाण्याची सूचना सकाळी सहालाच पडते. मग तिच्यावर शुभ सकाळचे गुलाब, गॉगल लावलेल्या ‘भावी सरपंचां’चा वाढदिवस, त्याखाली केकच केक, आणि कारल्याच्या रसानं साखर कायमची पळवण्याचा उपाय. सूचना सापडेपर्यंत टाकी कोरडी.

२०१८ साली व्हॉट्सॲपनं भारतात बंधन घातलं : एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल. आपल्या मंडळींनी ते इमानानं पाळलं. पाच-पाच करत सगळ्यांना पाठवलं. त्याच वर्षी ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ ही सोयही आली, आणि कारभाऱ्यांना जणू घबाड गवसलं. कुणी गटाराचं विचारलं रे विचारलं की ग्रुपला कुलूप! (हलगीला कुलूप नव्हतं.) बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा. गाव शाळा शिकलं, तरी पंचायतीला पुन्हा अंगठेच मिळाले.

गटारासाठी म्हणे आता निराळा ग्रुप निघालाय. सगळं गाव आहे त्यात. ग्रामसेवक तेवढे ‘लेफ्ट’ झालेत.