शहाळ्याची समाधी

मेहेरबान कुलसचिवसाहेब, विद्यापीठ कचेरी, यांचे सेवेशी,



प्रयोगशाळांतील खासगी बिनतारी उपकरणांमुळे विद्यापीठाच्या वाय-फायमध्ये व्यत्यय येतो, सबब ती आठ दिवसांच्या आत दफ्तरी जमा करावीत, हा आपला हुकूम पावला. आणि ज्याच्याविरुद्ध फिर्याद करावी म्हणून आम्ही महिनाभर अर्जाचा मसुदा घोटीत होतो तोच फिर्यादी असून आरोपी आम्हीच आहोत, हे कळल्यावर विभागात जी अंतर्मुखता पसरली, तिचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे. हुकमाची तामिली झाली. आमचा एकुलता एक राऊटर रीतसर पावती घेऊन जमा केला आहे.

तथापि या धामधुमीत आमच्या हातून एक शोध लागला, तो आपल्या कानी घालणे कर्तव्य समजतो. आमच्याकडे मेंदूतील विद्युत्स्पंदनांची नोंद घेतात. ती व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजावी लागतात. आणि जागेपणी डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदास ८ ते १३ आंदोलनांची जी लय उमटते, तिला अल्फा म्हणतात; तिचे वर्णन हान्स बर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केले. गेल्या महिन्यात ही लय इतकी सुबक येऊ लागली, की परीक्षेच्या आदल्या दिवशी पकडून आणलेला विद्यार्थीही कागदावर योग्याप्रमाणे शांत दिसे. शंका आली, म्हणून खुर्चीत मंडईतले एक शहाळे ठेवले, त्याला पट्टा बांधला, मलम लावून तारा जोडल्या. आणि काय सांगावे, ते शहाळे सालीआडचे तिन्ही डोळे मिटून सेकंदास सुमारे पावणेदहा या गतीने चिंतन करू लागले!

तेव्हा कुठे आमची नजर वर गेली. खुर्चीच्या नेमके माथ्यावर आपल्या कचेरीने बसविलेले वाय-फायचे पांढरे खोके हिरवा दिवा लुकलुकवीत होते. असे खोके, कोणी विचारो अगर न विचारो, दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपले नाव पुकारते, म्हणजे सेकंदास पावणेदहा वेळा. (इतक्या नेमाने स्वतःचे नाव घेणारे विद्यापीठात दुसरे कोण आहे, हा विषय तूर्त तहकूब ठेवतो.) पुकारा होतो २.४ गिगाहर्ट्झवर, जो आमच्या यंत्राला ऐकूही येऊ नये. पण लांब तारा अँटेनाचे काम करतात, आणि त्या पुकाऱ्याचा नुसता ताल यंत्रात शिरून मेंदूचे सोंग घेतो. शिडीवर चढून खोके बंद केले. शहाळे तत्क्षणी निर्विचार झाले.

फसगत थोरामोठ्यांचीही होते. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीच्या १९९८ पासूनच्या नोंदींत 'पेरिटॉन' नावाचे गूढ संकेत सापडत, आणि तेही बहुधा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात. आकाशाला कचेरीचे वेळापत्रक असते, असे मानण्याची पाळी येण्यापूर्वी, २०१५ साली उगम हाती लागला: मायक्रोवेव्हची शेगडी थांबण्याआधीच तिचे दार उघडणारा कोणी भुकेला हात. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणींपाशी पाहुण्यांना मोबाइल बंद करायला लावतात, तो काही उगाच नव्हे.

सबब विनंती, की सदर खोके प्रयोगशाळेतून उचलून व्हरांड्याच्या दूरच्या टोकास लावावे व आम्हांस तारेची जोडणी द्यावी. यंत्राभोवती पिंजरा करण्यासाठी तांब्याच्या जाळीचे मागणीपत्र आम्ही पूर्वी पाठविले होते. ते 'कोंबड्या पाळण्याची नियमांत तरतूद नाही' असा शेरा मारून परत आले आहे. त्याचाही फेरविचार व्हावा.

आपला आज्ञाधारक,
एक आरोपी

ता. क. : पुरावा म्हणून शहाळे सोबत धाडण्याचा मानस होता, परंतु दिवस उन्हाळ्याचे असल्याने साक्षीदारांनी ते पिऊन टाकले. नोंदीची प्रत जोडली आहे.