लॉनची वामकुक्षी

जुलै संपत आला की न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत माणसांचे दोन वर्ग पडतात. ज्यांचं लॉन हिरवं आहे ते, आणि आम्ही. हिरव्या वर्गातले लोक संध्याकाळी कुत्रं फिरवायला निघतात आणि आमच्या घरापाशी आल्यावर त्यांची चाल मुद्दाम मंदावते. ‘बरे आहात ना सगळे?’ असं विचारतात. आम्ही ठणठणीत असतो. तपकिरी झालेलं असतं ते गवत.

हे गवत थंड हवेचं. केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, राय. यातलं केंटकीचं नाव लावून मिरवणारं गवत मुळात युरोपातून आलेलं, म्हणजे नागरिकत्व मिळालेलं. पंधरा ते चोवीस अंश सेल्सिअस हवेत त्याला उत्साह असतो. पारा तिशीपार गेला आणि पावसानं ओढ दिली की ते पानं वाळवून टाकतं, जीव जमिनीलगतच्या बुंध्यात गोळा करतं आणि सरळ वामकुक्षी घेतं. मेलेलं नसतं. खात्री करायची असेल तर मूठभर गवत धरून ओढावं. ते घट्ट राहिलं आणि बुंधा आतून पांढुरका, टणक असला, तर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा इंच पाणी द्यावं आणि आपणही आडवं व्हावं. पण गृहकर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला झोपलेलं काही बघवत नाही. तो रोज चूळ भरल्यासारखं पाणी शिंपडतो आणि भर उन्हात वर खत टाकतो.

या काळात एकच गोष्ट हिरवीगार असते: क्रॅबग्रास. ते तण. आमच्याकडे जेवायला आलेल्या मंडळींनी जिचं मनापासून कौतुक केलं, ती हिरवळ तीच.

यंदा सांगलीहून आई आली होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “एवढं गवत वाढवता, कापता, आणि गुरं कुठायत?” मी म्हटलं, कापलेलं तिथंच पडू द्यायचं, त्याचं खत होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं इंजिनिअरिंगचं शिक्षण फुकट गेलं. मग ऑगस्टअखेर एका कोपऱ्यात गवत ओढून पाहिलं, तर सगळा थरच हातात आला. खाली इंग्रजी सी आकारात वळलेल्या पांढऱ्या अळ्या. आई ओरडली, “अरे, ही हुमणी! हिनं तुझ्या मामाचा उसाचा फड खाल्लाय. आणि तू हिला पाणी घालतोस?”

मामाच्या उसातली हुमणी वेगळ्या भुंगेऱ्याची. इथली जपानी भुंगेऱ्याची. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो 1916 साली, रिव्हरटन गावी. रिव्हरटन न्यू जर्सीतच. एखाद्या राज्याचा लौकिक असा असतो.

खरं काम करायचं ते ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरभर, म्हणजे साधारण गणपतीच्या आसपास. जमीन उबदार, हवा थंडावलेली. भाड्यानं आणलेलं यंत्र जमिनीतून बोटाएवढ्या मातीच्या गुंडाळ्या उपसून बाहेर टाकतं, म्हणजे दबलेल्या मातीत हवा-पाणी शिरतं. त्या गुंडाळ्या बघून आईनं “कुणाची कुत्री ही?” असा प्रश्न केला आणि शेजारच्या घराकडे रोखून पाहिलं. त्यावर बी फेकायचं. रायचे कोंब आठवडाभरात वर येतात, फेस्क्यू दोन आठवड्यांपर्यंत घेतं, ब्लूग्रास तीन-चार आठवडे लावतं. तोवर हलकंसं पाणी, रोज. खताचा मात्र इथं कायदा आहे: 15 नोव्हेंबर ते 1 मार्च घरमालकानं लॉनला खत घालायचं नाही, आणि फॉस्फरस सहसा माती तपासल्याशिवाय नाही. गावाकडे युरियाचं पोतं रिकामं करणारे माझे मामा इथं गुन्हेगार ठरले असते.

कुंपणापाशी हरळी पसरली होती. थंड हवेच्या लॉनमध्ये हरळी म्हणजे शत्रूच. पहिल्या कडाक्यात ती वाळते आणि वसंतापर्यंत तिथं तपकिरी ठिगळ राहतं. मी तणनाशकाचा डबा आणला. आई त्याच वेळी तिथं बसून गणपतीसाठी तीन-तीन पात्यांच्या दूर्वा खुडत होती. “विसर्जनाआधी हात लावशील तर बघ,” ती म्हणाली. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की नव्या बियाण्यातून आलेल्या गवताची काही वेळा कापणी होईपर्यंत औषध मारू नये. कंपनी आणि आई यांचं एकमत झाल्यावर मी डबा गॅरेजमध्ये ठेवला.

आता गवत उगवलंय. तीन इंचांखाली कापायचं नाही आणि एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक नाही, एवढं पथ्य आहे. तेव्हा पुढच्या जुलैत कुणाचं लॉन तपकिरी दिसलं तर बेल वाजवून कळवायला जाऊ नका, त्याला माहीत असतं. गणपतीला मात्र जरूर या. फक्त फरशीच्या वाटेनं या, गवतातून नको. तेव्हा बी नुकतंच रुजलेलं असतं.