चेकआउट नसलेली खोली

चांगल्या हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या मराठी माणूस दोन गोष्टी करतो. आधी पलंगावर बसून गादी दाबून पाहतो आणि मग बाथरूममध्ये जाऊन साबण मोजतो. गादी घरी नेता येत नाही, साबण येतो. आमच्या घरातला एक अख्खा खण या दुसऱ्या प्रकारच्या ऐवजाने भरलेला आहे. बोटाएवढ्या शाम्पूच्या बाटल्या, काळं-पांढरं दोराबटण, बूट पुसायचा स्पंज. शॉवर कॅप तेवढ्या खणात टिकत नाहीत, त्या फ्रिजमध्ये कोशिंबिरीच्या वाडग्यावर बसतात. इतकी गच्च बसणारी झाकणं बाजारात मिळत नाहीत, हे ज्यांनी वापरून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे.

म्हणजे एका अर्थाने हॉटेल आमच्या घरी होतंच. पण भाच्याच्या लग्नात दोन रात्री मऊ गादीवर झोपून आल्यावर नवऱ्याने जाहीर केलं, की आपली बेडरूम तशी करायची. अगदी तशीच. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग झाडून कोण काढणार?" या प्रश्नाकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही.

पहिली आली पांढरी चादर. हॉटेलं पहिल्यापासून पांढरीशुभ्र नव्हती. आमच्या लहानपणीच्या लॉजवर मरून किंवा हिरवी, फुलाफुलांची जाड पलंगपोसं असायची. ती कधी धुतली जात, हे विचारायचं नसे. वेस्टिन हॉटेलांनी 1999 साली सगळा पलंगच पांढरा करून त्याची जाहिरात केली आणि मग जगभर पांढऱ्याची लाट आली. त्यातली युक्ती सोपी आहे. पांढऱ्यावर डाग लपत नाही, त्यामुळे पाहुण्याला खात्री वाटते. शिवाय पाचशे चादरी एकाच भट्टीत घालून ब्लीच करता येतात. आपल्याकडे भट्टी नसते, हळद असते. आमची चादर पहिल्याच रविवारी कांदेपोह्यांनी पवित्र झाली.

दुकानदाराने आम्हाला हजार थ्रेड काउंटची चादर दाखवली होती. एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत, तो हा आकडा. एवढ्याशा जागेत हजार धागे सहजासहजी मावत नाहीत. मग एका धाग्याचे पीळ उलगडून प्रत्येक पदर वेगळा मोजायचा, की आकडा फुगतो. तीनशेच्या आसपासची चांगल्या सुताची चादर झोपायला उत्तम. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण हॉटेलात..." त्या आठवड्यातली त्याची सगळी वाक्यं अशीच सुरू होत होती.

आम्ही राहतो बंगळूरला, बसवनगुडीत. सकाळी कामाला येणाऱ्या अक्कांनी दारातूनच तो पांढरा पलंग पाहिला आणि झाडू हातात धरून उभ्याच राहिल्या. "अम्मा, यारादरू बर्तारा?" कोणी येणार आहे का? नाही म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही. पाहुणे येणार नसताना कोणी एवढी स्वच्छता का करेल? सासूबाईंचं मत अधिक स्पष्ट होतं. "दवाखान्यात भेटायला आल्यासारखं वाटतंय, सफरचंद आणायला हवी होती."

मग उशा आल्या. हॉटेलात पलंगावर सहा उशा असतात, त्यांतल्या दोन झोपायच्या आणि चार बघायच्या. रात्री बघायच्या उशा कुठे ठेवायच्या, हे हॉटेलवाले सांगत नाहीत. आम्ही त्या खुर्चीवर ठेवल्या. खुर्चीवर होते एकदा घातलेले, ना धुवायचे ना घडी करायचे असे कपडे. ते पलंगाच्या दांडीवर गेले. दांडीवरचा पंचा दाराच्या कडीवर गेला, आणि दार लागेना. पलंगाच्या पायथ्याशी जी रंगीत पट्टी आडवी टाकतात, तीही नवऱ्याने आणली. हॉटेलात माणूस बुटासकट आडवा होतो, पिशवी पलंगावर टाकतो, म्हणून ती पट्टी. आमच्याकडे चपला दाराबाहेर निघतात. पट्टी आता इस्त्रीच्या टेबलावर आहे आणि तिथे छान दिसते.

खरी लढाई जागेची होती. हॉटेलच्या खोलीत कपाटाच्या माथ्यावर काही नसतं. आमच्या कपाटावर बॅग आहे, बॅगेत तिच्याहून लहान बॅग आहे आणि त्या बॅगेत लग्नात आलेला, अजून कागदही न काढलेला स्टीलचा डिनर सेट आहे. पलंग बॉक्सचा. त्याच्या पोटात दुलया, गणपतीचं मखर, मुलाची इयत्ता चौथीपासूनची प्रगतिपुस्तकं आणि चकलीचा सोऱ्या. दिवाळीच्या आधी सोऱ्या काढणं म्हणजे गादी एका बाजूला दुमडायची, प्लायची फळी उचलायची, ती डोक्याने पेलून धरायची आणि दोन्ही हातांनी आत चाचपडायचं. हाताला आधी मखराची जरी लागते, मग दुलईची गाठ, आणि शेवटी पितळेचा थंडगार सोऱ्या, ज्याची ताटली कायम वेगळ्याच पिशवीत असते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथल्या दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या, देवळापाशी कडलेकाई परिषे भरते, म्हणजे शेंगांची जत्रा. भुईमुगाचे ढीग रस्त्याच्या दोन्ही कडांना लागतात. त्या आठवड्यात शेंगांची पिशवीही याच खोलीत येते, कारण स्वयंपाकघर दमट आहे. नवऱ्याने हे सगळं "दुसरीकडे" हलवायला सांगितलं. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दुसरीकडे म्हणजे सासूबाईंची खोली. तो प्रस्ताव त्यांच्यापर्यंत पोचवण्याचं धाडस मात्र त्याने केलं नाही.

खिडकीचा मुद्दा मी सोडला नाही. त्याला काळे, जाड, उजेड अजिबात आत न येऊ देणारे पडदे हवे होते, आणि खिडकी बंद. आता हे बसवनगुडीत बोलायचं म्हणजे कमाल आहे. 1898 साली बंगळूरच्या पेठेत प्लेग शिरला. दाटीवाटीच्या, वारा न खेळणाऱ्या घरांतून माणसं बाहेर पडली आणि बसवनगुडी, मल्लेश्वरम या वसाहती भरत गेल्या. रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा, मागच्या बाजूने सफाईची गल्ली. जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांवर लाकडी नक्षीची टोकदार टोपी असायची, तिला इथे मंकी टॉप म्हणतात. पाऊस आणि ऊन अडवायचं, पण वारा येऊ द्यायचा, हा तिचा हेतू. अशी घरं आता थोडी उरलीत. आमची इमारतही अशाच एका घराच्या जागेवर उभी असावी. पण ज्या वस्तीचा जन्मच मोकळ्या हवेसाठी झाला, तिथे खिडकी सीलबंद करून एसी लावायचा? बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे. एप्रिल सोडला तर रात्री पंखाही दोनावरच पुरतो. डिसेंबरात तर सोलापुरी चादर लागते, आणि तिच्यापुढे हॉटेलची ती फुगलेली पांढरी रजई मला अगदीच भोळी वाटते. सोलापुरी चादरीला वजन असतं. अंगावर घेतली की ती घेतल्याचं कळतं.

शांततेचंही तसंच. पहाटे देवळातलं सुप्रभातम्, मग गांधी बाजाराकडे शेवंती आणि मोगरा घेऊन जाणारे टेम्पो, मग समोरच्या घरचा कुकर. "डू नॉट डिस्टर्ब"ची पाटी नवऱ्याने खरोखरच आणली होती (कुठून, ते सांगायला नको). ती दाराला लावल्यावर सासूबाईंनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि दार वाजवून विचारलं, "अगं, हे काय लावलंय?"

शेवटी आला चहा-कॉफीचा ट्रे. विजेची किटली, दोन कप, दुधाच्या भुकटीच्या पुड्या, तयार कॉफीच्या पुड्या. इथे मात्र मला राग आला. चालत जाण्याच्या अंतरावर गांधी बाजारात 1943 पासूनचं विद्यार्थी भवन आहे. शंकरपुरमला 1965 पासूनचा ब्राह्मिन्स कॉफी बार आहे. ताजी दळलेली पूड चिकोरी किती घालू असं विचारून बांधून मिळते, आणि घरी पितळेच्या फिल्टरमध्ये रात्री टाकलेला डिकॉक्शन सकाळी थेंब थेंब उतरून तयार असतो. अशा गावात पलंगाशेजारी पुडी फाडून कॉफी प्यायची असेल, तर बदली मागून घ्यावी.

साबणाचंही बोलून टाकते. म्हैसूरच्या महाराजांच्या आणि विश्वेश्वरय्यांच्या काळात याच शहरात सरकारी साबण कारखाना निघाला. त्याचा चंदनाचा साबण आमच्या बाथरूममध्ये पूर्ण आकाराचा आहे, आणि संपला की कोपऱ्यावर मिळतो. तरी खणातले ते बिस्किटाएवढे साबण आम्ही जपून ठेवतो. कशासाठी, कोणास ठाऊक.

या सगळ्या उलाढालीत मला एक गंमत कळली. बंगळूरचं जुनं श्रीमंती हॉटेल म्हणजे वेस्ट एंड. 1887 साली मिसेस ब्रॉन्सन नावाच्या बाईंनी दहा खोल्यांचं बोर्डिंग हाउस म्हणून ते सुरू केलं. परक्या गावात माणसाला घरासारखं राहता यावं, एवढीच बोर्डिंग हाउसकडून अपेक्षा असते. म्हणजे हॉटेलवाले शतकभर घर होण्याच्या खटपटीत, आणि आम्ही घराचं हॉटेल करायला निघालेलो. हॉटेलची खोली सुंदर दिसते, कारण तिथे आपलं काही नसतं. दुपारी बाराला आपण निघतो आणि खोली आपल्याला विसरते. घरच्या खोलीला चेकआउट नाही, म्हणून तिथे प्रगतिपुस्तकं साठतात. आणि नवऱ्याला हॉटेलात खरं सुख कशाचं झालं असेल, तर आपण फिरायला गेलो असताना कोणीतरी येऊन पलंग आवरून गेलं, याचं. सासूबाईंचा पहिल्या दिवशीचा प्रश्न तोच होता. त्याचं उत्तर मी नवऱ्याला दिलं आहे. सध्या पलंग तो आवरतो. चारही कोपरे खोचून, अगदी हॉटेलसारखे. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठी तरी वसूल झाला.

तुमच्याकडेही असा हॉटेलचा वारा शिरला असेल तर एवढंच करा. उशीवरून न उठता हात पोचेल असा पिवळसर उजेडाचा एक दिवा घ्या, त्याचं बटण त्याच्याच अंगावर असू द्या. हॉटेलांकडून शिकावी अशी ती एक गोष्ट आहे. बाकीचे पैसे ठेवून द्या, आणि सोऱ्या हलवू नका.