दाब, धर, सोड

आमच्या थोरल्या बंधूंची पिकअप दिंडोरीच्या मळ्यातून पिंपळगावच्या बाजार समितीपर्यंत टोमॅटो वाहता वाहता म्हातारी झाली. दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि चारही चाकांखाली लिंबं. भक्तिभावात कधी खंड पडला नाही. ब्रेक ऑइल मात्र कुणी बदललं नाही. मागच्या फळीवर ‘आईचा आशीर्वाद’ असं ठसठशीत रंगवलंय. खरं तर त्याची गरज गाडीच्या पुढून चालणाऱ्यांना होती.

बंधूंनी नवी गाडी घेतली आणि ही नाशिकला माझ्या दारात धाडली. “तुला नाहीतरी रविवारी काय उद्योग असतो?” गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला विचारलं, ब्रेक कसे आहेत? म्हणाला, “लागतात ना दादा. फक्त जरा आधी ठरवावं लागतं.”

नाशिकमध्ये गाडी जॅकवर चढवणं हे खासगी काम नाही. आमच्या कॉलनीत सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इतके आहेत, की पान्याचा आवाज झाला तरी फाटकाशी सभा भरते. मी चाकांखाली दगड लावून मागच्या ड्रमवर हातोडी मारायला लागलो, तेव्हा एक काका म्हणाले, “हळू मारा.” दुसरे म्हणाले, “मारताय की कुरवाळताय?” आयुष्यभर हिशेब खात्यात बसलेले तिसरे गृहस्थ ड्रमची झीज मायक्रॉनमध्ये सांगू लागले, तीही तो निघायच्या आधी.

ड्रम निघाला. आत व्हील सिलिंडरचं रबरी सील फाटून ऑइल गळत होतं आणि लायनर त्यात निवांत अभ्यंगस्नान करत होते. घर्षणावर ज्याचं पोट, त्यालाच तेल लावल्यावर गाडी थांबणार कशी? एका काकांनी सुचवलं, लायनर गॅसवर भाजून घ्या. “कुणाच्या गॅसवर?” असा आतून प्रश्न आला आणि ती सूचना मागे घेण्यात आली. तसंही ऑइल प्यायलेले लायनर फेकूनच द्यायचे असतात. शिवाय जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. म्हणून धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. फुंकायला सरसावलेल्या काकांना आवरावं लागलं.

टाकीतलं ऑइल गोदाघाटावरच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं दिसत होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ जातीचं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं १४०च्या आसपासही उकळू शकतं. वाशीला माल नेताना कसारा घाटात ब्रेक तापले, की ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. त्याच घाटातून जाणाऱ्या रेल्वेच्या ब्रेकची हवा गेली, तर ब्रेक आपोआप लागतात. आमच्या पिकअपचं उलटं: दाब गेला की ब्रेक गेले, पुढचा सगळा भार मागच्या फळीवरच्या मजकुरावर.

नवं सिलिंडर, नवे लायनर बसले. आता हवा काढायची. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे क्लीनर साइडच्या मागच्या चाकापासून. मी गाडीखाली, बायको पेडलवर.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव.”

“किती वेळ?”

“सोड म्हणेपर्यंत.”

मी निपल सैल केलं. फसफसत बुडबुडे आले. तेवढ्यात एक काका फाटकातून म्हणाले, “आता सोडायला पाहिजे.” तिने सोडलं. निपल उघडंच होतं. काढली होती त्याहून जास्त हवा आत गेली.

“मी कुठे सोड म्हटलं?”

“अहो, कुणीतरी म्हटलं ना! वडीलधारे आहेत, त्यांचं नको ऐकायला?”

मग सभेला चहा देऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि हवा निघाली. पेडल कडक झालं.

पुढच्या आठवड्यात तोच ड्रायव्हर गाडी न्यायला आला. सवयीने त्याने कोपऱ्यावर पेडलवर जोरात पाय दिला. गाडी जागच्या जागी थांबली, इंजिन बंद पडलं, मागचे क्रेट केबिनवर आदळले. उतरून तो कळवळून म्हणाला, “दादा, काय करून ठेवलं हे? पाय ठेवला की थांबते. अशानं माल बाजारात कधी पोचायचा?”