दुसऱ्या खुर्चीचे माहात्म्य

अमेरिकन विद्यापीठांनी जगाला काय काय दिले याची यादी करताना महिला बास्केटबॉल संघाच्या सहायक प्रशिक्षिकेचे नाव कोणी घेत नाही, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते. एप्रिल २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातला महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना टीव्हीवर सुमारे १ कोटी ९० लाख लोकांनी पाहिला. त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्यालाही एवढे प्रेक्षक लाभले नाहीत. लोकांनी आयोवाची खेळाडू केटलिन क्लार्क हिला पाहिले, साउथ कॅरोलायनाच्या मुख्य प्रशिक्षिका डॉन स्टेली यांना पाहिले. त्याच बाकावर मांडीवर कागद घेऊन बसलेल्या बाईकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ते जाऊ नये अशीच व्यवस्था आहे, आणि ती किती विचारपूर्वक उभी केली आहे, हे आपल्यासारख्या सुज्ञ नागरिकांच्या कानी घालणे आम्ही कर्तव्य समजतो.

आधी कामाचे पाहू. मोसमातले प्रतिस्पर्धी संघ सहायकांमध्ये वाटून दिलेले असतात. वाट्याला आलेल्या संघाचे मागचे सामने सहायक प्रशिक्षिका पडद्यावर बघते, थांबवते, मागे नेते, पुन्हा बघते. त्यांची पॉइंट गार्ड (डाव चालवणारी खेळाडू) अंगावर कोणी आले की डावीकडेच का वळते, बेसलाइनवरून चेंडू आत टाकताना त्या कुठला डाव मांडतात, हे सगळे कागदावर उतरवते. मग तोच संघ सरावात उभा करायचा. त्यासाठी विद्यापीठात शिकणारी, शाळेत बास्केटबॉल खेळलेली मुले (मुलगेच, महिला संघांचा सराव बहुतेक ठिकाणी त्यांच्याविरुद्ध चालतो) जमवायची आणि प्रतिपक्षाचे डाव त्यांच्याकडून घोकून घ्यायचे. सामन्यात टाइमआउट झाला, की खेळाडू बाकावर टेकेपर्यंतच्या काही सेकंदांत सगळे प्रशिक्षक मैदानातच डोकी जुळवतात. सहायक प्रशिक्षिका दोन वाक्यांत आठवड्याचे काम सांगून टाकते आणि मुख्य प्रशिक्षक फळा घेऊन खेळाडूंसमोर बसतात. संघ जिंकला, की मुख्य प्रशिक्षकांची डावपेचांवरची पकड सिद्ध होते. हरला, तर त्या प्रतिपक्षाचा अभ्यास, म्हणजे ‘स्काउट’, कोणाकडे होता हे आतल्या सर्वांना पाठ असते. श्रेय आणि जबाबदारी यांची इतकी स्वच्छ वाटणी फार थोड्या संस्थांना साधते.

जुलै महिन्यात, नव्या खेळाडू हेरण्याच्या काळात, ही बाई आणखी उंची गाठते. एकाच छताखाली ओळीने मैदाने आखलेली असतात आणि तिथे शाळकरी मुलींचे सामने सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतात. नियम असा, की या काळात मुलीला पाहायला परवानगी, पण तिथे तिच्याशी किंवा तिच्या आईवडिलांशी बोलायला मनाई. म्हणून प्रशिक्षिका छातीवर विद्यापीठाचे नाव असलेला शर्ट घालून मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसते. मुलीचा खेळ तिने केव्हाच जोखलेला असतो. आता प्रश्न एवढाच, की आपण आलो आहोत हे मुलीने पाहिले का. उच्चशिक्षित, अनुभवी व्यक्तीने विमानाने देश ओलांडून जावे आणि तिथे फक्त दिसावे, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या दूरदृष्टीला आम्ही वंदन करतो. पुढे मुलगी विद्यापीठात येते, आणि वर्षभराने ट्रान्सफर पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव घालून निघूनही जाते. खुर्ची पुन्हा मांडावी लागते. रोजगाराचे असे सातत्य इतर क्षेत्रांत विरळा.

अर्थात खुर्चीवर बसण्याहून मोठी सेवाही घडते. सप्टेंबर १९९० मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षिका पॅट समिट दिवस भरत आले असताना छोट्या विमानाने पेनसिल्व्हेनियात गेल्या. मिशेल मार्सिनियाक या शाळकरी खेळाडूचे मन वळवायचे होते. सोबत सहायक मिकी डीमॉस. बोलणी चालू असतानाच समिट यांना कळा सुरू होण्याची लक्षणे दिसली. परतीच्या वाटेवर विमान व्हर्जिनियात उतरवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा समिट यांनी साफ नकार दिला. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने टेनेसीला राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर काढले होते आणि मूल तिथे जन्मणे त्यांना मान्य नव्हते. विमान नॉक्सव्हिलला पोचले, बाळ टेनेसीतच जन्मले. डीमॉस यांच्या नेमणूकपत्रात सुईणीचे काम नमूद नसावे. पण ‘वेळोवेळी सोपविण्यात येतील ती अन्य कामे’ या कलमाची व्याप्ती हजारो फूट उंचीपर्यंत जाते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. मार्सिनियाक आधी नोटर डेम विद्यापीठात गेली आणि एका मोसमानंतर टेनेसीत आली.

या सगळ्याचे तास कोणी मोजत नाही, आणि ते कायद्याला धरूनच आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या कामगार कायद्यानुसार आठवड्याला ४० तासांपलीकडच्या कामाचा मोबदला दीडपट द्यावा लागतो. त्यातून शिक्षक वगळलेले आहेत. ज्या प्रशिक्षकाचे मुख्य काम खेळाडूंना शिकवणे, तोही शिक्षकच मानला जातो. इतर पगारदारांना ही सूट लावायची तर पगार ठरावीक रकमेच्या वर असावा लागतो, शिक्षकाला तीही अट नाही. आपल्याकडे गुरूला देव मानतात, पण त्या देवत्वाची अशी कायदेशीर बैठक आपल्याला घालता आली नव्हती. प्राध्यापकांना तासिका तत्त्वावर राबवणाऱ्या राज्याने तरी याचा अभ्यास करावा.

काटकसरीचा खरा कळस मात्र १९९१ मध्ये गाठला गेला. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने ठरवले, की बास्केटबॉलच्या ताफ्यात चौघेच असावेत: एक मुख्य, दोन सहायक आणि चौथा ‘रिस्ट्रिक्टेड अर्निंग्ज कोच’. या चौथ्याला शैक्षणिक वर्षाचे १२ हजार डॉलर आणि उन्हाळ्याचे ४ हजार, एकूण वर्षाला १६ हजारांहून अधिक देऊ नयेत. त्याआधी अशा जागांवरच्या काहींची मिळकत ६०-७० हजारांपर्यंत गेली होती. फुटबॉल सोडून पहिल्या श्रेणीतल्या सर्व खेळांना हा नियम लागू झाला. हेतू उदात्त होते. खर्च आवरावा, संघांमध्ये बरोबरी राहावी आणि नवख्यांसाठी एक जागा राखली जावी. जागा नवख्यालाच द्यावी असे नियमात कुठे म्हटले नव्हते, त्यामुळे अनुभवी माणसांनाही नवख्याच्या पगाराचा लाभ घेता आला. मुख्य प्रशिक्षकांच्या पगाराला हात लावला गेला नाही. बरोबरीचे तत्त्व कुठे थांबवावे याचेही तारतम्य लागते.

दुर्दैवाने पुरुष बास्केटबॉलचे काही सहायक प्रशिक्षक कोर्टात गेले. स्पर्धकांनी एकत्र बसून मजुरांची मजुरी ठरवणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असे कोर्टाला वाटले. १९९८ मध्ये वरच्या कोर्टालाही तसेच वाटले. १९९९ मध्ये संस्थेने ५ कोटी ४५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवले. खर्च आवरण्यासाठी काढलेल्या नियमावर इतका खर्च करण्याची तयारी ठेवणारी संस्था तत्त्वनिष्ठच म्हटली पाहिजे.

आता स्त्रियांच्या वाट्याला काय आले, याचाही विचार करू. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा झाला तेव्हा मुलींच्या महाविद्यालयीन संघांच्या प्रशिक्षकांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. पगार नाममात्र असे, पुष्कळ ठिकाणी तोही नसे. समिट १९७४ मध्ये २२ व्या वर्षी टेनेसीच्या मुख्य प्रशिक्षिका झाल्या तेव्हा महिन्याला २५० डॉलर मिळत. गणवेश धुण्याचे आणि व्हॅन चालवण्याचे काम त्यांच्याकडेच होते. या काळात पुरुषांनी अत्यंत संयम दाखवला. स्त्रियांच्या क्षेत्रात ते लुडबुडले नाहीत. कायद्यामुळे पैसा येऊ लागला तेव्हा मात्र त्यांनी कर्तव्यभावनेने जबाबदारी स्वीकारली. आज सर्व खेळ मिळून पाहिले तर मुलींच्या संघांच्या मुख्य प्रशिक्षकांत स्त्रिया निम्म्याहून कमी आहेत. उलट पुरुष संघांच्या प्रशिक्षणाचा भार स्त्रियांवर पडू नये म्हणून त्यांचे प्रमाण तिथे पाच टक्क्यांच्या आसपास ठेवण्यात आले आहे.

दुसऱ्या खुर्चीत बसून आयुष्य सार्थकी लागते, हे आम्ही नाकारत नाही. क्रिस डेली १९८५ मध्ये मुख्य प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्याबरोबर कनेक्टिकट विद्यापीठात आल्या आणि संघाच्या बाराही राष्ट्रीय विजेतेपदांत त्या शेजारच्याच खुर्चीवर होत्या. २०१८ मध्ये महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांना तिथेच राहायचे होते आणि त्या राहिल्या. अशा एका उदाहरणाच्या आधारे बाकी शेकडो जणींना धीर धरायला सांगता येतो. शिवाय पहिली, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाची, खुर्ची तेवढी सुरक्षितही नाही. हॉली वॉरलिक यांनी टेनेसीत २७ वर्षे सहायक म्हणून काढली, २०१२ मध्ये समिट यांची जागा घेतली आणि २०१९ मध्ये त्यांना जावे लागले.

सहायक प्रशिक्षिकेला अशी चिंता नसते. तिचा करार बहुधा वर्षाचा असतो. मुख्य प्रशिक्षकाला काढले, की नवा येतो तो आपली माणसे घेऊन येतो, आणि तिने हरण्याइतके काही केले की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. काढलेल्या मुख्य प्रशिक्षकाला कराराची उरलेली रक्कम मिळते. हिला नवे गाव मिळते, मुलांना नवी शाळा. फारच निष्ठावान निघाली तर ‘असोसिएट हेड कोच’ हा किताबही मिळतो. खुर्ची तीच राहते, दारावरची पाटी तेवढी लांबते.

सुधारणा चालूच आहेत. २०२३ पासून प्रत्येक संघाला आणखी दोन सहायक नेमण्याची मुभा मिळाली. त्यांनी सरावात शिकवायचे, मात्र खेळाडू मिळवायला विद्यापीठाबाहेर जायचे नाही असे तेव्हा ठरले, म्हणजे घडीच्या खुर्चीचा मान जुन्यांकडेच राहिला. या नव्या सहायकांना जास्तीत जास्त किती पगार द्यावा, याचा नियम या वेळी केलेला नाही; खटल्यातून संस्था तेवढे शिकली. कमीत कमी किती द्यावा, याचाही केलेला नाही.